खोडलेल्या ओळीखालची टिंबं

३ फेब्रुवारी

दादा,

पाया पडते म्हटलं की तू पाय मागे घेतोस, म्हणून नुसताच नमस्कार.

सोबत एक जाड पाकीट जोडलंय. ते फेकू नकोस, तुझी टपाली मतपत्रिका आहे. इथून जाऊन तुला अठरा वर्षं झाली, पण नगरपालिकेच्या यादीत तू अजून माझ्याच घरात राहतोस. यंदापासून पासष्टच्या वरच्यांना घरूनच मत देता येतं म्हणे, म्हणून पोस्टमन ती माझ्या हातात ठेवून गेला. तुला फोन केला असता, पण तुझ्या उजव्या कानाने कधीचाच संन्यास घेतलाय आणि डावाही त्याच वाटेवर आहे. शिवाय मी फोनवर ओरडायला लागले की मास्तर घाबरतात. वर्गात दंगा सुरू झाला असं त्यांना वाटतं.

मास्तर बरे आहेत. म्हणजे अंगाने बरे आहेत. पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आता त्यांना न्हाणीघर कुठे आहे त्याचा नकाशा बायको काढून देते. हे विनोदाने लिहितेय, कारण विनोद न करता लिहायला बसले तर पत्र पुरं व्हायचं नाही. सकाळी नऊला त्यांना विसावा केंद्रात सोडते, तिथून तशीच कचेरीत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. संध्याकाळी पाचला परत घेऊन येते. केंद्रात त्यांच्यासारखेच विसरभोळे झालेले आणखी चौदा जण आहेत. मास्तर रोज त्यांची हजेरी घेतात आणि ते चौदाही जण न चुकता "हजर" म्हणतात. या आठ तासांवर आमचं घर उभं आहे.

आता मुद्द्याचं. शिडीवाले निवडून आले तर केंद्र बंद. त्यांनी ते लपवलेलंही नाही. म्हातारी माणसं ज्यांची त्यांनी सांभाळावीत, असं भर सभेत सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. छत्रीवाले आले तर पाच दिवसांऐवजी तीन दिवस चालू ठेवतील. मला काही आनंदाच्या उकळ्या फुटलेल्या नाहीत. पण तीन म्हणजे शुन्य नव्हे. तीन असले तर उरलेल्या दोन दिवसांचं मी साहेबांच्या हातापाया पडून जमवीन. शुन्य झालं तर एक तर मला नोकरी सोडावी लागेल, नाहीतर मास्तरांना कुठल्या तरी लांबच्या निवासात ठेवावं लागेल. तिथे ते मला महिनाभरात विसरतील.

छत्रीवाल्यांचं नाव काढलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात हे मला माहीत आहे. तरीही मागतेय. दादा, तुझ्यावर माझा एवढा हक्क आहे. चौकटीत एक फुली, पाकिटाला डिंक, झालं काम.

तुझी,
भुणभुण

९ फेब्रुवारी

भुणभुणे,

आशीर्वाद आणि तक्रार एकत्रच घे. पत्र मिळालं. चुका सात. 'शून्य' दोनदा लिहिलंस आणि दोन्ही वेळा ऱ्हस्व. सगळं पत्र लाल शाईने तपासून ठेवलंय, प्रुफं वाचणाऱ्याची सवय जात नाही. 'तुझ्यावर माझा एवढा हक्क आहे' हे वाक्य आधी खोडलं, पाल्हाळ वाटलं. मग त्याच्याखाली टिंबं दिली. टिंबांचा अर्थ विसरली नसशील. तुझ्या शाळेच्या निबंधांत मी ओळीच्या ओळी खोडायचो, तू मुसमुसायला लागलीस की खाली टिंबं द्यायचो. खोडलं ते चुकलं, ओळ असू द्या.

आता तुझे छत्रीवाले. एकवीस वर्षं मी त्यांची पत्रकं फुकट तपासली. मी गाव सोडलं त्याआधीच्या निवडणुकीत त्यांचा जाहीरनामाही माझ्याच हाताखालून गेला. पान चार, नववी ओळ: 'सरकारी छापखाना कोणत्याही परिस्थितीत बंद होऊ देणार नाही.' त्यातल्या 'परिस्थितीत'ची वेलांटी मी सुधारली होती. ते निवडून आले आणि आठ महिन्यांत छापखान्याला कुलूप लागलं. शेहेचाळीस माणसं घरी बसली. त्यातल्या एकेकाच्या दारात जाऊन मीच सांगितलं होतं की शिडीवाल्यांपेक्षा हे बरे. 'बरे' हा शब्द माझा होता. नंतर बाजारात ती माणसं समोरून आली की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. तेव्हा कानाला खडा लावला, आणि गाव सोडलं.

तू म्हणतेस तीन म्हणजे शून्य नव्हे. कबूल. पण कमी वाईटाला निवडत राहिलं की त्याला कळून चुकतं, की शेजाऱ्यापेक्षा बोटभर बरं असलं की आपलं भागतं. मग दर निवडणुकीत दोघेही खाली सरकत जातात, मधलं बोटभर अंतर तेवढं राखून. आज पाचाचे तीन, उद्या तिनाचे दोन. मी फुली मारली म्हणजे त्या कपातीवर माझी सही झाली. मजकूर छापण्याच्या लायकीचा नसेल तर पान कोरं सोडावं, असं मी जन्मभर सांगत आलो. इथेही तेच सांगतो.

पाकीट शब्दकोशात खुणेला ठेवलंय, फेकलेलं नाही. मास्तरांना नमस्कार सांग. त्यांना मी आठवत असेन तर.

दादा

१५ फेब्रुवारी

दादा,

कोरं पान! फारच छान. कोऱ्या पानावर कुणीतरी दुसरा लिहितो, आणि इथे पेन शिडीवाल्यांच्या हातात आहे. तू आपल्या खोलीत स्वच्छ राहा. भोगायचं ते आम्ही भोगू, सोमवार ते शुक्रवार.

मला ते छत्रीवाले आवडतात असं तुला वाटतं का रे? परवा त्यांचा उमेदवार केंद्रात आला होता, बरोबर फोटोवाला. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "कसे आहात बाबा?" मास्तरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "गृहपाठ?" तो फोटोवाल्याकडे तोंड करून हसत राहिला. मास्तर म्हणाले, "अंगठे धर." या आख्ख्या महिन्यात मी तेवढीच एकदा पोट धरून हसले. आणि तरी मी त्यालाच मत देणार आहे. नाक मुठीत धरून देणार, पण देणार.

दुसरी गोष्ट सांगणार नव्हते, पण तू 'मी आठवत असेन तर' असं लिहिलंस म्हणून सांगते. संध्याकाळी घरी आल्यावर मास्तर घरचीही हजेरी घेतात. नंबर एक मी. मी "हजर" म्हणते. मग ते हाक मारतात, "मेव्हणे!" आणि थांबतात. दाराकडे बघत थांबतात. मी रोज सांगते, "आजारी आहेत, सर. चिठ्ठी पाठवलीय." परदेशी गेलेल्या मुलाचं नाव ते विसरले, स्वतःचं अधूनमधून विसरतात, पण तुझी हजेरी चुकत नाही.

अठरा वर्षांत तू इथे चार वेळा आलास, एकदाही मुक्काम न करता. छापखाना मी बंद केला नव्हता, दादा. तू मत देणं सोडलंस तेव्हा त्याच्याबरोबर आम्हालाही सोडून दिलंस, आणि तुला ते कळलंही नाही असं मला वाटतं.

रागाने लिहिलंय. याला टिंबं देऊ नकोस, आणि खोडूही नकोस.

भुणभुण

ता. क. मतमोजणीला कचेरीतल्या सगळ्यांना जुंपलंय. मी टपाली मतांच्या टेबलावर. तुझं पाकीट तिथे येणार नाही हे धरूनच बसेन.

१९ फेब्रुवारी

भुणभुणे,

पत्र पोचलं. चुका दोनच.

मतपत्रिका फाडून टाकली. यावर पुन्हा लिहू नकोस.

मास्तरांना सांग, चिठ्ठी खरी आहे. खोकला जात नाही.

दादा

१३ मार्च

दादा,

छत्रीवाले आले. एकतीस मतांनी. ढोल वाजले, गुलाल वगैरे जे काय असतं ते झालं, मी पाय सुजले म्हणून घरी आले. एवढंच लिहून गप्प बसणार होते. पण टेबलावर एक प्रकार घडला, तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू? वाचून झालं की हे पत्र फाड. तुला फाडायची सवय आहेच. असलं बाहेर सांगणं माझ्या नोकरीत बसत नाही.

अकराच्या सुमाराला एक पाकीट उघडलं. आतली मतपत्रिका पर्यवेक्षकांनी उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाले, "हे काय, कुणाच्या नातवाने रेघोट्या मारल्यात?" लाल शाई होती. चारही उमेदवारांच्या नावांवर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ, आणि प्रत्येक रेघेसमोर समासात खोडल्याची ती शेपटीवाली खूण. चौकटी चारही कोऱ्या. मथळ्यात 'नगरपालीका' असं छापलं गेलं होतं, गावभरच्या सगळ्या मतपत्रिकांवर तसंच होतं आणि कचेरीत कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथली वेलांटी ऱ्हस्व केलेली. आणि छत्रीच्या उमेदवाराखाली, त्या खोडलेल्या नावाखालीच, टिंबं. सात टिंबं, सारख्या अंतरावर.

शिडीवाल्यांचा माणूस म्हणाला, चारही खोडलेत, बाद करा. छत्रीवाल्यांचा म्हणाला, टिंबं उगाच का देईल कुणी, काहीतरी अर्थ असणार. पर्यवेक्षकांनी चष्मा काढला आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, "या टिंबांचा अर्थ कुणाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक होता. त्या दिवशी आमच्या टेबलावर इतकं स्पष्ट मत दुसरं आलं नाही. बाकीच्यांनी नुसत्या फुल्या मारल्या होत्या. या माणसाने आधी चौघांनाही नाही म्हटलं होतं, मनापासून, आणि मग कुणासाठी तरी एकाला असू दे म्हटलं होतं. पण मी तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, बाई, तुम्हाला कसं ठाऊक? मग मत कुणाचं तेही सगळ्यांना कळलं असतं. मी मान हलवली. नाही म्हटलं. 'कौल अस्पष्ट' हा शिक्का माझ्याच हातात होता, तो मारला. जरा तिरका बसला.

मतपत्रिका कुणाची होती ते मी विचारत नाही. ज्याची असेल त्याला एवढं कळव, की मोजली गेली नाही, पण वाचली गेली.

भुणभुण

१८ मार्च

भुणभुणे,

ज्याची होती त्याला कळवलं. तो गाढव आहे.

तुझं रागाचं पत्र आलं त्या दुपारी शब्दकोशातून ते पाकीट काढलं, ते फाडायलाच. पण छापील कागद हातात आला की माझा हात आधी पेनाकडे जातो. मथळ्यातली वेलांटी दिसली, ती सुधारली. मग चारही नावं खोडली, एकेक करून, सावकाश. फार बरं वाटलं. अठरा वर्षं तुंबलेलं काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. मग मास्तर दाराकडे बघत थांबतात ते आठवलं, आणि छत्रीखाली टिंबं दिली. पाकीट चिकटवून पेटीत टाकून आलो, आणि तुला कळवलं की फाडली. तुझ्यापुढे हरलो हे सांगायची लाज वाटली.

चौकटीत फुली मारावी अशी सूचना तळाला होती. ती मी वाचली. तिच्यात एक अनुस्वार राहून गेला होता, तो दिला. बेचाळीस वर्षं मी तपासायला वाचतोय, त्यामुळे समजून घ्यायला वाचायचं असतं हे विसरूनच गेलो. तुझ्या पत्रांचंही मी तेच करत आलो. चुका सात, चुका दोन.

म्हणजे शेवटी मी गैरहजरच. तुझ्या एकतिसांत मी नाही. जे आवडत नाहीत त्यांच्यासाठी मन मारून एवढं केलं, तेही धड जमलं नाही. तू शिक्का मारलास ते योग्य केलंस, मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझ्या जागी असतो तर सरळ मारला असता, इतकंच.

थकलोय. पुढचं मोठं पत्र जमेल तेव्हा.

दादा

२२ एप्रिल

दादा,

तुझं म्हणणं खरं ठरलं, त्याला वर्षही लागलं नाही. गेल्या आठवड्यात केंद्राच्या दारावर कागद लागला. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार. तीन दिवसांचं आश्वासन 'परिस्थिती पाहून' दिलेलं होतं म्हणे. तुझ्या त्या 'परिस्थितीत'सारखंच. आमच्या तोंडाला पानं पुसून उमेदवार सत्काराला गेला.

मला भांडायचंही त्राण उरलेलं नाही. तू म्हणालास तसंच झालं, आणि तरी उद्या पुन्हा निवडणूक लागली तर मी पुन्हा त्यालाच मत देईन, कारण दोन म्हणजेही शून्य नव्हे. (दीर्घ काढलाय, बघ.) हे दोन्ही एकदमच खरं आहे आणि याचाच मला शीण आलाय.

साहेबांकडे गेले होते. म्हणाले, "बाई, एखादा दिवस मी डोळेझाक केली असती. पण आठवड्यातून तीन दिवस खिडकी बंद कशी ठेवू? माणसं जन्मायची आणि मरायची थांबत नाहीत." बिचारे खोटं बोलले नाहीत. महिनाअखेर काय ते सांगा म्हणाले.

म्हणून रविवारी निवास बघून आलो, मास्तरांना घेऊनच. बसने सहा तास. जागा स्वच्छ आहे, माणसं वाईट नाहीत, चादरी धुतलेल्या होत्या. व्हरांड्यात दहा-बारा जण खुर्च्यांवर बसले होते. मास्तर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हजेरी घ्यायला लागले. कुणीच हजर म्हणालं नाही. त्यांना वाटलं आपला आवाज पोचला नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आज सुट्टी आहे का?" परतीच्या बसमध्ये मी सहा तास खिडकीकडे तोंड करून बसले.

निवासाचा फॉर्म टेबलावर आहे. सही तेवढी राहिलीय. तुझ्याकडे काही मागत नाहीये, नुसतं कळवतेय. मागून मागून दमले.

भुणभुण

२७ एप्रिल

भुणभुणे,

सही करू नकोस.

सोमवार, गुरुवार केंद्र. मंगळवार, बुधवार, शुक्रवार मी. पाच झाले.

माझ्या डाव्या कानाने अजून थोडं ऐकू येतं, हजेरीपुरतं पुरेल. माझं काम टपालाने येतं आणि टपालाने जातं, ते कुठल्याही टेबलावर होतं. मी प्रुफं वाचीन, मास्तर शेजारी बसून डुलक्या घेतील नाहीतर माझा गृहपाठ तपासतील. त्यांना भूगोल हवा असेल तर मी 'ढ' विद्यार्थी म्हणून समोर बसेन, ते सोंग मला करावं लागणार नाही. बाजारात जुनी छापखान्याची माणसं भेटतील. भेटू देत. आता पलीकडच्या फुटपाथवर पळायला गुडघेही साथ देत नाहीत.

छत्रीवाल्यांना मी माफ केलेलं नाही, हे लिहून ठेव. तिनाचे दोन कसे झाले हे विचारायला पहिल्या मंगळवारीच नगरपालिकेत जाणार आहे, मास्तरांना बरोबर घेऊन. उत्तर धड आलं नाही तर दर मंगळवारी जाऊ. आम्हा दोघांना दुसरं काम काय आहे? मथळ्यातल्या वेलांटीचाही जाब विचारायचाय.

मागची खोली रिकामी असेल तर ती मला पुरे. शब्दकोश जड आहेत, ते मागाहून येतील. मी महिनाभरासाठी येतो, पुढचं पुढे. 'मी' आणि 'महिनाभरासाठी' यांच्यामध्ये एक शब्द खोडलाय, तो वाचत बसू नकोस. डोळे बिघडतील.

दादा

२ मे

दादा,

फॉर्म फाडला. खरंच फाडला, तुझ्यासारखा नाही.

मागची खोली झाडून घेतली. त्यातली शिवणयंत्राची अडगळ बाहेर काढली आणि टेबल खिडकीशी सरकवलं, म्हणजे तुला उजेड मिळेल. पलंगाचा एक पाय लुळा आहे, त्याच्याखाली तूर्त मास्तरांचा जुना नकाशासंग्रह लावलाय. शब्दकोश आले की बदलू.

काल संध्याकाळी हजेरी झाली. मी हजर म्हटलं. मग मास्तरांनी हाक मारली, "मेव्हणे!" आणि दाराकडे बघत थांबले. मी म्हटलं, "निघालेत, सर. वाटेत आहेत." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग कडी काढून ठेव." मी काढून ठेवली.

तुझं शेवटचं पत्र या पाकिटातून परत पाठवतेय, त्यात एक दुरुस्ती आहे. तू सांगितलंस म्हणून तो शब्द वाचायचा नाही असं ठरवलं होतं, पण पान खिडकीशी धरलं तर दिसतो. मतपत्रिकेवर मारली होतीस तेवढ्या जोराने रेघ मारली नाहीस. 'कायमचा' असा शब्द आहे. शुद्ध लिहिलाय. त्याच्याखाली मी लाल शाईने टिंबं दिली आहेत.

भुणभुण